मिलिमीटर लहरींचे इंटरनेट आणि पेडणे-डिचोलीची भूमी

घरापर्यंत केबल न ओढता, जवळच्या टॉवरवरून रेडिओलहरींच्या साहाय्याने छपरावरील अँटेनापर्यंत आणि तेथून आतल्या राउटरपर्यंत इंटरनेट पोहोचविण्याच्या पद्धतीला स्थिर बिनतारी जोडणी म्हणतात. मोबाइल सेवेत ग्राहक फिरता असतो, येथे तो जागचा हलत नाही, एवढाच मूळ फरक. भारतात ही सेवा ‘एअरफायबर’ या व्यापारी नावाने परिचित झाली. एअरटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली व मुंबईत तिचा आरंभ केला, तर जिओने १९ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेश चतुर्थीचा मुहूर्त साधून, आठ महानगरांत. नावात ‘फायबर’ असले तरी टॉवर ते घर या शेवटच्या टप्प्यात फायबरचा धागाही नसतो. तो टप्पा पूर्णपणे हवेतून पार पडतो, आणि हवेत काय काय आडवे येते यावरच सेवेचे सारे यशापयश अवलंबून असते.

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. तुये येथे इलेक्ट्रॉनिक उद्योगांसाठी वसाहत आखली गेली, धारगळला आयुर्वेद संस्था उभी राहिली, आणि महामार्गाच्या दोन्ही अंगांना नवी घरे व वसाहती वाढू लागल्या. डिचोली व साखळी या जुन्या बाजारगावांच्या कडेलाही तसेच चित्र आहे. ही वस्ती शहरासारखी दाट नाही आणि पूर्वीच्या गावासारखी विरळही नाही. प्रत्येक घरापर्यंत फायबर नेण्यास खर्च व वेळ लागतो, म्हणून बिनतारी जोडणीचा पर्याय समोर ठेवला जातो. त्यातही सर्वांत वेगवान म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या मिलिमीटर लहरी आपल्या मुलखात कशा वागतील, हे समजून घेणे ग्राहकाला आणि पंचायतीलाही उपयोगाचे आहे.

लहर किती लांब?

रेडिओलहरीच्या एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर असते. ३.५ गिगाहर्ट्झला ती साडेआठ सेंटिमीटरवर येते आणि २६ गिगाहर्ट्झला जेमतेम साडेअकरा मिलिमीटर उरते. काटेकोर व्याख्येनुसार ३० ते ३०० गिगाहर्ट्झ या पट्ट्यालाच मिलिमीटर लहरी म्हणायला हवे, पण दूरसंचार व्यवहारात २६ गिगाहर्ट्झचाही समावेश त्यांतच होतो. या लहरींशी भारताचा संबंध नवा नाही. १८९५ मध्ये कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी त्यांचे जाहीर प्रात्यक्षिक केले होते, आणि त्यांच्या प्रयोगांतील लहान लहरी सुमारे ५ मिलिमीटर लांबीच्या होत्या. त्यांचा व्यापारी उपयोग होण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला.

येथे एक जुनी चूक दुरुस्त करणे भाग आहे. टू-जी प्रकरणाच्या काळात मराठी वृत्तपत्रांनी ‘स्पेक्ट्रम’साठी ‘ध्वनिलहरी’ हा शब्द रूढ केला आणि तो अद्याप अधूनमधून डोके वर काढतो. रेडिओलहरींचा ध्वनीशी काहीही संबंध नाही. त्या प्रकाशाच्याच जातीच्या विद्युतचुंबकीय लहरी आहेत, आणि लांबी कमी होत जाते तसतसे त्यांचे वागणेही प्रकाशासारखे होत जाते. पुढील सर्व विवेचनाची किल्ली याच वाक्यात आहे. ७०० मेगाहर्ट्झची लहर डोंगराच्या खांद्यावरून थोडी वळते, भिंतीतून झिरपते. २६ गिगाहर्ट्झची लहर मात्र बॅटरीच्या झोतासारखी सरळ जाते आणि जे आडवे येईल त्याच्या मागे सावली पाडते.

जुलै-ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या लिलावात केंद्र सरकारने २६ गिगाहर्ट्झचा पट्टा प्रथमच विक्रीस काढला. या लिलावातून सर्व पट्टे मिळून सुमारे १ लाख ५० हजार कोटी रुपयांच्या बोली आल्या. २६ गिगाहर्ट्झमध्ये जिओने देशातील सर्व २२ परिमंडळांत १,००० मेगाहर्ट्झ आणि एअरटेलने ८०० मेगाहर्ट्झ घेतले. गोव्याला दूरसंचाराच्या नकाशात स्वतंत्र स्थान नाही, आपण महाराष्ट्र परिमंडळात मोडतो. तेव्हा पेडणे-डिचोलीवरच्या आकाशातही या कंपन्यांना हा पट्टा वापरण्याचा हक्क २०२२ पासूनच आहे. हक्क असणे आणि प्रत्यक्ष वापर होणे यांत मात्र अंतर असते.

ती ओढ कशासाठी, हे आकड्यांतूनच दिसते. ३.३ गिगाहर्ट्झच्या मधल्या पट्ट्यात एका कंपनीच्या वाट्याला साधारण १०० मेगाहर्ट्झ येतात, तर २६ गिगाहर्ट्झमध्ये ८०० ते १,०००. रस्ता आठ-दहा पट रुंद झाला की वाहनेही तितकी जास्त धावतील, हा हिशेब सरळ आहे.

अंतराचा हिशेब

लहर जसजशी दूर जाते तसतशी पसरत जाऊन क्षीण होते. ही क्षीणता डेसिबल या एककात मोजतात. १० डेसिबल घट म्हणजे शक्ती एक-दशांश उरली, २० म्हणजे एक-शतांश, ३० म्हणजे एक-सहस्रांश. एवढे लक्षात ठेवले तर पुढचे सर्व आकडे वाचता येतील.

मोकळ्या हवेत एक किलोमीटर अंतरावर ३.५ गिगाहर्ट्झची लहर सुमारे १०३ डेसिबलने घटते, तर २६ गिगाहर्ट्झची १२१ डेसिबलने. म्हणजे वरच्या पट्ट्यात साडेसतरा डेसिबलचा, अर्थात सुमारे पंचावन्न पटींचा तोटा. मिलिमीटर लहरी लांब जात नाहीत असे जे सरसकट सांगितले जाते त्याचे मूळ येथे आहे. तथापि हे अर्धेच सत्य आहे. लहर आखूड असल्यामुळे तिच्या अँटेनाचे घटकही नखाएवढे लहान असतात. शाळेच्या वहीएवढ्या पृष्ठभागावर असे शेकडो घटक बसवून त्यांचा झोत अरुंद व तीव्र करता येतो. बहुतांश तोटा अशा रीतीने भरून निघतो.

नमुन्यादाखल हिशेब मांडू. टॉवरच्या झोताची परिणामी शक्ती ५८ डेसिबल-मिलिवॅट, घराच्या अँटेनाची वाढ २३ डेसिबल, अंतर एक किलोमीटर आणि मध्ये काहीही आडवे नाही असे धरले, तर ४०० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीत संकेत हा उपकरणाच्या स्वाभाविक गोंगाटापेक्षा सुमारे ४० डेसिबलने वर राहतो. पूर्ण वेग मिळण्यासाठी त्यातील २५ ते ३० डेसिबल लागतात. म्हणजे पूर्ण वेगासाठी खर्चायला दहा-पंधरा डेसिबल शिल्लक उरतात, आणि जोडणी कशीबशी जिवंत ठेवण्यासाठी चाळीस. आकडा उपकरणागणिक बदलेल, पण शिलकीची जातकुळी हीच. आता या शिलकीवर गोव्यात कोण कोण हात मारते ते पाहू.

पाऊस : इंच दिवसाचे आणि इंच तासाचे

पहिला संशयित अर्थातच पाऊस. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या रोजच्या भाषेत सुमारे १२० इंच, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पावसाचा थेंब काही मिलिमीटरचा असतो. साडेअकरा मिलिमीटरच्या लहरीला तो धोंड्यासारखा लागतो, तर साडेआठ सेंटिमीटरच्या लहरीला त्याचे भानही होत नाही. म्हणूनच ३.५ गिगाहर्ट्झवर चालणारी सेवा पावसाने जवळजवळ ढळत नाही. ती बंद पडली तर दोष पावसाचा नसतो, बहुधा विजेचा असतो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने प्रमाणित केलेल्या सूत्रानुसार २६ गिगाहर्ट्झवर ताशी २५ मिलिमीटर, म्हणजे ताशी एक इंच पावसात, दर किलोमीटरला सुमारे ४ डेसिबल घट होते. ताशी चार इंचांच्या, म्हणजे १०० मिलिमीटरच्या सरीत ती १३ ते १६ डेसिबलवर जाते. पडताना थेंब चपटे होतात, त्यामुळे आडव्या ध्रुवीकरणाच्या लहरीला जास्त आणि उभ्या ध्रुवीकरणाच्या लहरीला कमी फटका बसतो, म्हणून हा पल्ला.

येथे नेहमी एक गल्लत होते. ‘पेडण्यात काल चार इंच पाऊस’ अशी बातमी वाचली की मनात येते, बिनतारी इंटरनेटचे काही खरे नाही. परंतु ते चार इंच चोवीस तासांचे असतात. लहरीला दिवसाच्या बेरजेशी कर्तव्य नसते. त्या मिनिटाला पाऊस कोणत्या वेगाने कोसळतो आहे, एवढाच तिचा प्रश्न असतो. ताशी चार इंचांच्या वेगाने कोसळणारी सर आपल्याकडे येते, पण ती तासभर टिकणे विरळा. पाच-पंधरा मिनिटे झोडपून ती पुढे सरकते. शिवाय इतक्या तीव्र सरीचा गाभा अरुंद असतो, त्यामुळे लांबच्या जोडणीत सर्व किलोमीटरभर सारखीच घट धरणेही अतिशयोक्त ठरते.

म्हणजे एक किलोमीटरच्या मोकळ्या जोडणीत अत्यंत जोरदार सर आली तर चाळीसपैकी सोळा डेसिबल जातील. वेग निम्म्याने वा अधिक घटेल, पण जोडणी तुटणार नाही. अर्ध्या किलोमीटरवर तर घट आठच डेसिबल, आणि जवळ असल्यामुळे मूळ शिल्लकही सहा डेसिबलने जास्त. पावसाला घाबरून हे तंत्रज्ञान गोव्यासाठी निरुपयोगी ठरविणे योग्य होणार नाही.

६० गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची गोष्ट वेगळी. तेथे हवेतील प्राणवायूच दर किलोमीटरला सुमारे १५ डेसिबल गिळतो आणि ताशी चार इंचांची सर आणखी २९ डेसिबल. अमेरिकेत ५७ ते ७१ गिगाहर्ट्झ परवानामुक्त असल्यामुळे तेथे छोटे सेवादार त्यावर शंभर-दोनशे मीटरच्या जोडण्या चालवितात. भारतातही हा पट्टा खुला करण्याची मागणी जुनी आहे. कोकणपट्टीत त्याचा उपयोग एका इमारतीवरून समोरच्या इमारतीपर्यंत, याहून फारसा होणार नाही.

माड, आंबा आणि कुळागर

पाऊस येतो आणि जातो. झाड जागचे हलत नाही, आणि दर वर्षी वाढते. पेडणे-डिचोलीत मिलिमीटर लहरींचा खरा प्रतिपक्ष झाड आहे, आणि याची चर्चा सर्वांत कमी होते.

पानात पाणी असते आणि पानांचा आकार या लहरीपेक्षा मोठा असतो. त्यामुळे पालवीत शिरलेली लहर काही शोषली जाते, काही विखुरते. १९८० च्या दशकापासून वापरात असलेल्या वाइसबर्गर यांच्या सूत्राने हिशेब केला, तर २६ गिगाहर्ट्झवर दहा मीटर दाट पालवीतून जाताना सुमारे ११ डेसिबल घट होते आणि तीस मीटर पालवीतून सुमारे २५ डेसिबल. ३.५ गिगाहर्ट्झवर हेच आकडे अनुक्रमे साडेसहा व चौदा असे येतात.

दहा मीटर म्हणजे किती? अंगणातल्या एका जुन्या मानकुरादाचा घेर. पूर्ण वेगासाठी असलेली दहा-पंधरा डेसिबलची शिल्लक एका आंब्याने संपली. तीस मीटर म्हणजे मोरजी, मांद्रे, हरमल येथील समुद्राकडचे एखादे बेताचे भाट, किंवा डिचोलीच्या आतल्या गावांतले पोफळी, केळी, मिरवेलींनी भरलेले लहानसे कुळागर. त्यातून जाताना होणारी २५ डेसिबलची घट ही एक किलोमीटरभर ताशी चार इंच पाऊस पडताना होणाऱ्या घटीपेक्षा मोठी आहे. सर पंधरा मिनिटांत ओसरते, भाट मात्र चोवीस तास उभे असते. आणि दोन्ही एकत्र आली, तर २५ आणि १६ मिळून ४१ डेसिबल : चाळीसची पूर्ण शिल्लक संपून जोडणी तुटते. वर, भिजलेले पान सुक्या पानापेक्षा अधिक अडवते, हा हिशेब यात धरलेलाही नाही.

माडाची आणखी एक खोड आहे. त्याची झावळ वाऱ्याने हलते. झोत कधी दोन झावळ्यांच्या फटीतून जातो, कधी झावळीवर आपटतो, आणि संकेत सेकंदासेकंदाला वरखाली होतो. वेगमापन केले तर आकडा उत्तम येतो, पण व्हिडिओ संभाषण मात्र अडखळते. घरच्या उपकरणाची प्रक्षेपणशक्ती टॉवरपेक्षा पुष्कळ कमी असल्याने घरातून बाहेर जाणारा प्रवाह आधी खचतो. ऑनलाइन वर्गातील विद्यार्थ्याला शिक्षक नीट ऐकू येतात, पण त्याचा स्वतःचा चेहरा गोठतो, याचे कारण बहुधा हेच.

यावर झाड तोडणे हा उपाय कुणी सुचवील तर तो स्वीकारू नये. गोव्यात १९८४ चा वृक्ष संवर्धन कायदा आहे आणि परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. माड हे झाड आहे की नाही यावर २०१६ मध्ये राज्यभर किती वादंग उठले होते, ते वाचकांच्या स्मरणात असेलच. इंटरनेटच्या एका वर्षाच्या वर्गणीसाठी पन्नास वर्षांचे उत्पन्न देणारे झाड पाडणे हा व्यवहारही नव्हे.

सडा आणि खोलगट

झाडावर मात करण्याचा मार्ग उंचीतून जातो, आणि येथे आपली भूमी काही ठिकाणी साह्य करते. गावे बहुधा सड्याच्या पायथ्याशी, पाण्याजवळ वसलेली. सडा मात्र जांभ्या दगडाचा, सपाट आणि उघडा. एक उदाहरण घेऊ. घराच्या छपरावरील अँटेना जमिनीपासून सहा मीटर उंच आहे आणि टॉवर अर्धा किलोमीटर दूर. सपाट जागी वीस मीटरचा खांब असेल, तर दृष्टिरेषा इतकी चपटी येते की बारा मीटर उंचीचे झाड तिच्या वाटेत येऊ नये यासाठी ते घरापासून दोनशे मीटरहून दूर असावे लागते. आपल्या वाड्यांत हे अशक्यच. तोच खांब सड्याच्या कडेवर असून अँटेनापेक्षा साठ मीटर उंच भरला, तर पन्नास मीटरपलीकडची सर्व बारा मीटरी झाडे दृष्टिरेषेच्या खाली राहतात. उरतो तो फक्त स्वतःच्या अंगणातल्या झाडांचा प्रश्न, आणि तो छपराचा कोपरा बदलूनही सुटू शकतो.

यास्तव मोपा, धारगळ, तोर्से या बाजूचा उघडा पठारी मुलूख मिलिमीटर लहरींना सर्वांत अनुकूल. नवीन वसाहती, हॉटेले, गोदामे तेथे एकमेकांना दिसतील अशी उभी राहत आहेत आणि झाडे अद्याप लहान आहेत. किनाऱ्यावरील मांद्रे-हरमल पट्टा नेमका उलट : मागणी भरपूर, पण भाटांचे छत्र दाट. शापोरा आणि तेरेखोल यांच्या काठावरील चांदेल, हळर्ण, इब्रामपूर अशा गावांत नदी व टेकड्यांच्या वळणांमुळे एक वाडा टॉवरसमोर तर शेजारचा पूर्ण सावलीत असे घडणारच.

डिचोलीत उंचसखलपणा अधिक. साखळी वाळवंटीच्या काठी खालच्या अंगाला, मये तळ्याभोवतीच्या खोलगटात, आणि शिरगाव, मुळगाव, लामगाव यांच्या आसपास खाणींनी डोंगर कापलेले व टाकाऊ मातीचे नवे डोंगर रचलेले. टेकडीआड गेलेल्या मोठ्या लहरी थोड्या तरी वळून पोहोचतात, मिलिमीटर लहर तेवढेही करीत नाही. जुन्या नकाशावरील उंची घेऊन खाणपट्ट्यात जोडणीचा आराखडा करणे हे धोक्याचे, कारण तेथे डोंगराची उंचीच गेल्या काही दशकांत बदलली आहे.

एका बाबतीत आखूड लहर उदार आहे. दृष्टिरेषा म्हणजे सुतासारखी रेघ नव्हे. तिच्याभोवती काही जागा मोकळी असावी लागते. एक किलोमीटरच्या जोडणीत मध्यावर ही त्रिज्या ३.५ गिगाहर्ट्झला ४.६ मीटर, तर २६ गिगाहर्ट्झला १.७ मीटरच लागते. दोन घरांच्या मधून, दोन माडांच्या मधून, नेमकी फट सापडली तर मिलिमीटर लहर तिच्यातून जाऊ शकते. फट शोधणारा तंत्रज्ञ मात्र तितक्या चिकाटीचा हवा.

भिंतीआड काय उरते

घराच्या आत ही लहर येण्याची आशा करू नये. मोबाइल मानके ठरविणाऱ्या संस्थेच्या नमुन्यानुसार २६ गिगाहर्ट्झवर साध्या काचेतून सुमारे ७ डेसिबल, उष्णतारोधक लेप दिलेल्या काचेतून सुमारे ३१, तर काँक्रीटच्या भिंतीतून शंभराहून अधिक डेसिबल घट धरली जाते. आपली चिऱ्याची जाड भिंत, त्यातही श्रावणात पाणी प्यालेली, याहून दयाळू असण्याचे कारण नाही. म्हणून ग्रहण करणारा भाग बाहेर, छपरावर किंवा गॅलरीच्या कठड्यावरच हवा. ‘खिडकीजवळ ठेवा, चालेल’ असे सांगितले गेले, तर एक तर ती सेवा मधल्या पट्ट्यावरील आहे किंवा सांगणाऱ्याला माहिती नाही.

मग ‘एअरफायबर’ कोणत्या लहरीवर?

जिओने ऑगस्ट २०२३ मध्ये २६ गिगाहर्ट्झसह सर्व पट्ट्यांवरील किमान जाळ्याची अट सर्व परिमंडळांत मुदतीआधी पूर्ण केल्याचे जाहीर केले. परंतु किमान अट पूर्ण होणे म्हणजे गावोगावी सेवा नव्हे. भारतातील स्थिर बिनतारी जोडण्यांचा मोठा भार ३.३ गिगाहर्ट्झच्या मधल्या पट्ट्यावर आहे, आणि काही जोडण्या ५ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यावर चालतात. अमेरिकेतही हेच घडले. व्हेरायझनने १ ऑक्टोबर २०१८ रोजी ह्यूस्टन, इंडियानापोलिस, लॉस एंजलिस व सॅक्रामेंटो या शहरांत २८ गिगाहर्ट्झवर घरगुती सेवा सुरू केली. तिचा विस्तार संथ झाला, आणि पुढे ग्राहकसंख्या झपाट्याने वाढली ती मधला पट्टा हाती आल्यावर. मिलिमीटर लहरी दाट वस्तीपुरत्या राहिल्या.

पेडणे-डिचोलीसाठी यातून निघणारा निष्कर्ष असा की तालुका हे या निर्णयाचे एकक नव्हे. गावही नव्हे. ते वाडा आहे, कित्येकदा घर आहे. सड्यावरील उघड्या वसाहतीला मिलिमीटर लहर, भाटातल्या व कुळागरातल्या घरांना मधला पट्टा किंवा फायबर, आणि टेकडीआडच्या वाड्याला फायबरच, अशी विभागणी भूमीनेच करून ठेवली आहे. मधल्या पट्ट्याची क्षमता मर्यादित असते, आणि एका टॉवरच्या दिशेतील सर्व घरे ती वाटून घेतात. पहिल्या दहा ग्राहकांना मिळणारा वेग शंभराव्याला मिळत नाही, आणि संध्याकाळी तर मुळीच नाही. ज्या घरांना टॉवर स्वच्छ दिसतो ती मिलिमीटर लहरीवर गेली, तर झाडाआडच्या घरांसाठी मधला पट्टा मोकळा होतो. दोन पट्ट्यांची ही परस्परपूरकता हाच या तंत्राचा आपल्याकडचा खरा उपयोग.

फायबरचा पाया याही व्यवस्थेत सुटत नाही. मिलिमीटर लहरीचा खांब दर अर्ध्या-एक किलोमीटरवर लागतो आणि त्या प्रत्येक खांबापर्यंत भरभक्कम फायबर यावे लागते. राज्यात गोवा ब्रॉडबँड नेटवर्कच्या फायबरने सरकारी कार्यालये व पंचायती जोडण्याचे काम बऱ्याच वर्षांपूर्वी झाले. पंचायतघरापर्यंत आलेला तो धागा वाड्यावरच्या खांबापर्यंत कोण आणि कोणत्या अटींवर नेणार, हा तांत्रिक प्रश्न नसून धोरणाचा आहे. खांब व केबल यांच्या परवानग्यांसाठी केंद्राचे नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. पंचायत मंडळांनी ते वाचून ठेवावेत, कारण लहान खांबांचे अर्ज यापुढे वाढत जाणार.

टॉवर म्हटला की किरणोत्साराची शंका ग्रामसभेत निघतेच, आणि ती विचारण्यात वावगे काही नाही. क्ष-किरणांप्रमाणे अणूंतील इलेक्ट्रॉन उडविण्याइतकी ऊर्जा या लहरींत नसते. त्यांचा ज्ञात परिणाम उष्णतेचा, आणि २६ गिगाहर्ट्झची लहर त्वचेत मिलिमीटरभरच शिरते. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश मर्यादा स्वीकारली आहे. या पट्ट्यासाठी ती दर चौरस मीटरला १ वॅट आहे. आपल्या परिसरातील टॉवर व त्यांची नियमपालनाची स्थिती दूरसंचार खात्याच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर पाहता येते.

जोडणी घेण्यापूर्वी

विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा तो लहरीचा पट्टा कोणता, हा. ‘फाइव्ह-जी’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण फाइव्ह-जी ७०० मेगाहर्ट्झवरही चालते आणि २६ गिगाहर्ट्झवरही. २६ असे उत्तर आले तर छपरावर चढून, जेथे अँटेना बसेल तेथे डोळा ठेवून, टॉवर दिसतो का ते पाहावे. दुर्बीण असेल तर उत्तम. टॉवर झाडातून अंधूक दिसत असेल तर तो न दिसल्यासारखाच समजावा. आज दिसत असेल, पण मध्ये कोवळी सागवानाची रांग किंवा नव्याने लावलेले माड असतील, तर पाच वर्षांनी दिसेल का याचाही विचार करावा.

चाचणीची वेळही महत्त्वाची. सागवान, सावर अशी झाडे उन्हाळ्याआधी पाने गाळतात, तेव्हा फेब्रुवारीत घेतलेले वेगमापन जुलैला लागू पडत नाही. शक्य असल्यास पावसाळ्यात, संध्याकाळी आठ ते दहा या गर्दीच्या वेळी, आणि डाउनलोडबरोबर अपलोडचाही आकडा घ्यावा. वर्षभराची वर्गणी आगाऊ भरल्यास सवलत मिळते, पण जी जोडणी एकही पावसाळा पाहिलेली नाही तिच्यासाठी महिन्याची वर्गणीच शहाणपणाची. जेथे घरातून काम किंवा मुलांचे शिक्षण या जोडणीवर अवलंबून आहे, तेथे राउटर व छपरावरील उपकरण दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावीत. पावसाळ्यात लहरीआधी वीज जाते. छपरावरील उपकरणाला जमिनीशी जोडणारी अर्थिंगची तार बसविणाऱ्याकडून आठवणीने मागून घ्यावी. वळवाच्या विजा मे महिन्यातच सुरू होतात.